पीपीपीची पहिली पाच वर्षं : ब्रिटिश गयानातला पक्ष आणि त्याची फूट

रानजाई

कॅरिबियन राजकारणाचा विषय निघाला की आपली गाडी कॅस्ट्रोच्या पुढे सरकत नाही. गयानाच्या पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीची, म्हणजे पीपीपीची, तर "भारतीय वंशाच्या लोकांचा पक्ष" एवढ्या एका ओळीत बोळवण होते. पुढच्या काळाबद्दल हे बऱ्याच अंशी खरंही आहे. पण १९५० ते १९५५ या काळातली पीपीपी निराळी होती. उसाच्या मळ्यावरचा भारतीय मजूर आणि राजधानी जॉर्जटाऊनच्या गोदीतला, बॉक्साइटच्या खाणीतला आफ्रिकी वंशाचा कामगार या एकाच पक्षाच्या सभेला यायचे, एकाच पक्षाला मत द्यायचे. ती पाच वर्षं विस्मरणात गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

गयाना नकाशावर दक्षिण अमेरिकेत असला तरी इतिहासाने आणि स्वभावाने कॅरिबियनच. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले आणि १८३८ पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, यायला लागले. १९१७ पर्यंत सुमारे दोन लाख एकोणचाळीस हजार माणसं आली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक साखर बुकर कंपनीच्या हातात होती. मळे, कारखाने, दुकानं, जहाजं, सगळं त्यांचं. लोक वसाहतीला 'बुकर्स गयाना' म्हणत. बुकर पारितोषिक सुरू करणारी कंपनी ती हीच.

चेदी जगन यांचा जन्म २२ मार्च १९१८ रोजी बर्बीसमधल्या पोर्ट मूरंट मळ्यावर झाला. आईवडील तान्ही असताना उत्तर प्रदेशातल्या बस्ती भागातून जहाजाने आलेली. वडील कष्ट उपसत मुकादम झाले आणि पोराला जॉर्जटाऊनच्या क्वीन्स कॉलेजात घातलं. तिथून पोरगा अमेरिकेला गेला. वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठ, मग शिकागोत दंतवैद्यकी. तिथेच जॅनेट रोझेनबर्ग भेटली, १९४३ मध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघं गयानात आली. जॉर्जटाऊनच्या मेन स्ट्रीटवर चेदींचा दवाखाना निघाला आणि जॅनेट तिथेच मदतीला उभी राहिली.

पक्षाचं बी पडलं ते ६ नोव्हेंबर १९४६ रोजी, पोलिटिकल अफेअर्स कमिटीच्या रूपाने. मंडळी चारच. चेदी, जॅनेट, कामगार संघटनेतले जोसलीन हबर्ड आणि ॲश्टन चेस. उद्देश स्वच्छ सांगितलेला : अभ्यास करायचा, पत्रक काढायचं, लोक तयार करायचे आणि त्यातून पुढे पक्ष उभा करायचा. आधी पक्ष आणि मग विचार, असा उलटा प्रवास त्यांनी केला नाही. १९४७ च्या निवडणुकीत मताचा हक्क मालमत्ता-उत्पन्नाच्या अटींवर होता, तरी चेदी मध्य डेमेरारातून अपक्ष म्हणून निवडून आले. वय २९.

आणि मग एन्मोर.

इथे थोडं थांबते, कारण पुढचं सगळं इथून फुटतं. पूर्वी मजुराने ऊस तोडून जागेवर टाकायचा, पुढचं काम दुसऱ्याचं. १९४५ पासून मळेवाल्यांनी नवी पद्धत आणली : तोडणाऱ्यानेच भरायचंही. मळ्यात रस्त्यांऐवजी कालवे. कालव्यात लोखंडी पडाव, म्हणजे सपाट होड्या, ते खेचर ओढणार. दिवसभर कोयता चालवायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, बांधावरून चालत यायचं आणि निसरड्या फळीवरून चढून पडावात टाकायची. २२ एप्रिल १९४८ रोजी पूर्व किनाऱ्यावरच्या मळ्यांत संप सुरू झाला. मागण्या दोन : ही पद्धत बंद करा आणि आमची युनियन माना. त्यांची युनियन म्हणजे गयाना इंडस्ट्रियल वर्कर्स युनियन. मालक मात्र मान्यताप्राप्त जुन्या युनियनशीच बोलणार होते आणि तिच्यावर मजुरांचा काडीचा विश्वास उरला नव्हता.

१६ जून १९४८ रोजी एन्मोरच्या कारखान्यापाशी पोलिसांनी गोळीबार केला. लल्लाबागी किसून, पूरन, रामबरन, हॅरी आणि सूरजबली, ज्याला दुखी म्हणत, हे पाचजण गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची अंत्ययात्रा एन्मोरहून जॉर्जटाऊनच्या ल रेपांतिर दफनभूमीपर्यंत पायी निघाली. सुमारे १६ मैल. पुढे चेदी आणि जॅनेट, मागे हजारो माणसं. त्या कबरींपाशी आपण मनोमन शपथ घेतली, असं चेदींनी पुढे लिहून ठेवलं आहे.

१ जानेवारी १९५० रोजी कमिटी आणि ब्रिटिश गयाना लेबर पार्टी एकत्र येऊन पीपीपी जन्मली. नेते चेदी जगन, अध्यक्ष फोर्ब्ज बर्नहॅम, सरचिटणीस जॅनेट. बर्नहॅम २६ वर्षांचे, आफ्रिकी वंशाचे, लंडनहून बॅरिस्टर होऊन नुकतेच परतलेले. वक्ता असा की सभा जागची हलायची नाही. 'थंडर' हे मुखपत्र जॅनेटने चालवलं.

नवी घटना सुचवायला ब्रिटिशांनी नेमलेल्या वॉडिंग्टन आयोगाच्या शिफारशीने प्रौढ मताधिकार आला आणि २७ एप्रिल १९५३ रोजी पीपीपीने २४ पैकी १८ जागा घेतल्या, मतं ५१ टक्के. त्यांचं सरकार १३३ दिवस चाललं आणि ब्रिटिशांनी राज्यघटनाच निलंबित केली.

माझं म्हणणं एवढंच, आणि त्यावर चर्चा व्हावी ही इच्छा : हा पक्ष वंशावरून फुटला नाही. आधी फुटला, वंश त्यानंतर आला.

---

घाटवाट

फार सुरेख लिहिलंत. गयाना म्हणजे माझ्या डोक्यात फक्त क्लाइव्ह लॉइड होता. एक शंका : गिरमिटियांत आपली मराठी माणसंही होती का? मॉरिशसला कोकणातून गेली हे माहीत आहे.

---

रानजाई

घाटवाट, मॉरिशसला मुंबई बंदरातूनही जहाजं गेली, म्हणून तिथे आजही मराठी समाज आहे. गयानाला माणसं गेली ती मुख्यतः कलकत्त्याहून, थोडी मद्रासहून. त्यामुळे तिथली बोली भोजपुरी वळणाची. पण मराठी धागा एक आहेच. गिरमिट पद्धत मुळापासून बंद करा, हा ठराव इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलात १९१२ साली मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी बहुमताने तो पाडला. पण कौन्सिलातले बिनसरकारी हिंदी सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पाचच वर्षांत भरती थांबली.

---

फडकरी

तोडणी आणि भरणीचा भाग दोनदा वाचला. आमचा भाग उसाचा. फडात वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको की भरणी म्हणजे काय. तोडताना माणूस वाकतो, दमतो, पण कंबर, मान आणि गुडघे जातात ते मोळी वाहून. आणि भरणीची मजुरी नीट वेगळी धरली नाही तर तेवढं काम फुकटातच गेलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा बदलासाठी माणसं गोळ्या झेलतात का? झेलतात. पडावावर चढायची ती ओली फळी नुसती वाचून माझ्या अंगावर काटा आला.

मजूर राहायचे कसे? झोपड्या की चाळी?

---

रानजाई

फडकरी, लांबच लांब लाकडी बराकी, त्यांना लॉजी म्हणत. गुलामगिरीच्या काळापासूनचीच रचना. एका कुटुंबाला एक खोली, मधली भिंत छतापर्यंत गेलेलीही नसायची. गोळीबारानंतर साखरधंद्याच्या चौकशीसाठी व्हेन आयोग नेमला गेला आणि त्यानेही या घरांबद्दल कडक लिहिलं. चेदींनी आपल्या लहानपणाच्या आठवणींत मळ्याचा नकाशाच काढून ठेवलाय : गोऱ्या मॅनेजरचा बंगला, मग हाताखालच्या गोऱ्यांची घरं, मग कारकून-मुकादम आणि सगळ्यात शेवटी लॉजी. विजेचे दिवेही त्याच क्रमाने.

---

झुंजुरका

थोडं अवांतर, पण राहवत नाही. पोर्ट मूरंट म्हणजे रोहन कन्हायचं गाव! बेसिल बुचर आणि जो सॉलोमनही तिथलेच. एका ऊसमळ्याने वेस्ट इंडिजला इतके फलंदाज द्यावेत, वर देशाचा पुढारीही. गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते याच कन्हायवरून.

---

सुरंगी

रानजाई, लेख आवडला, पण निष्कर्ष पटत नाही.

"आधी फुटला, वंश त्यानंतर आला" हे ऐकायला छान आहे. पण पक्ष बांधतानाच वंशाचा हिशेब मांडलेला होता. बर्नहॅमना लंडनहून आल्या आल्या थेट अध्यक्षपद कशासाठी दिलं? कमिटीत तीन वर्षं राबलेला ॲश्टन चेस होता की. जगन भारतीय वंशाचे, तेव्हा शहरातल्या आफ्रिकी मध्यमवर्गाला आपला वाटेल असा, शिकलेला, चांगला बोलणारा माणूस हवा होता. त्यात पाप नाही, दुभंगलेल्या समाजात पक्ष असेच बांधावे लागतात. पण मग ते ऐक्य दोन पुढाऱ्यांच्या मैत्रीवर उभं राहतं. आणि ती मैत्री मुळात नव्हती.

पुरावा १९५३ चाच घ्या. निवडणूक जिंकल्यावर पहिला आठवडा कशात गेला? बर्नहॅमनी हट्ट धरला, नेतेपद द्या नाहीतर काहीच नको. लोकांनी १८ जागा पदरात टाकलेल्या आणि मंत्र्यांची यादी अडलेली. ब्रिटिश गव्हर्नर हे सगळं बघत होताच. फट कुठे आहे हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं.

---

टाकसाळ

घटना निलंबित करायला कारण काय दिलं? हे लोक खरंच कम्युनिस्ट होते का?

---

रानजाई

टाकसाळ, आधी तुम्हाला उत्तर देते, मग सुरंगीकडे वळते.

जगन दांपत्य मार्क्सवादी होतं, त्यांनी ते लपवलंही नाही. पण सरकार चालवताना काय केलं ते बघा. कामगार संबंध विधेयक : कामगारांनी मतदानाने जी युनियन निवडली तिला मालकाने मान्यता द्यायची. हे उचललं होतं रूझवेल्टच्या काळातल्या अमेरिकेच्या वॅग्नर कायद्यावरून. आक्षेपार्ह पुस्तकांवर बंदी घालणारा वटहुकूम रद्द करणं. आणि भातशेती करणाऱ्या कुळांना संरक्षण देणाऱ्या कायद्यातली दुरुस्ती, तीही वरच्या सभागृहाने अडवली. आपल्याकडे त्याच सुमारास कूळकायदे होत होते, आणि ते करणारं काँग्रेस सरकार होतं.

चर्चिलनी निवडणुकीचा निकाल लागल्यावर लगेच, मे १९५३ मध्ये, वसाहतमंत्री लिटल्टन यांना चिठ्ठी पाठवली होती की गयानातले कम्युनिस्ट दात पाडण्यासाठी अमेरिकेचा पाठिंबा मिळवायला हवा. म्हणजे सरकारने कामाला हात घालण्याआधीच मन तयार झालेलं. ८ ऑक्टोबरला रॉयल वेल्च फ्युझिलियर्सचे सैनिक उतरले. ९ तारखेला घटना निलंबित, मंत्री घरी. नंतर निघालेल्या श्वेतपत्रिकेत जॉर्जटाऊन जाळण्याचा कट असल्याचा आरोप होता. लाकडी घरांच्या शहरात हा आरोप किती भयंकर, विचार करा. आणि त्या कटासाठी एकाही पुढाऱ्यावर खटला उभा राहिला नाही.

चेदी आणि बर्नहॅम दाद मागायला लंडनला निघाले तर विमान कंपन्या तिकीट देईनात. शेवटी भाड्याने विमान केलं. लंडनमध्ये मजूर पक्षानेही पाठ फिरवली. तिथून दोघं भारतात आले, नेहरूंना भेटले, खासदारांपुढे बोलले. दोघं बरोबर, एकाच व्यासपीठावर. परत गेल्यावर चेदींना जॉर्जटाऊन सोडायला बंदी केली. ती मोडली म्हणून एप्रिल १९५४ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा. जॅनेटलाही त्याच वर्षी तुरुंगवास. मार्टिन कार्टरसारखा कवी तर १९५३ मध्येच स्थानबद्ध झाला होता.

---

रानजाई

सुरंगी, आता तुमचा मुद्दा.

नेतेपदाची चुरस होती, कबूलच आहे. पण ती चुरस म्हणजे वंशावरची फूट नव्हे. १९५४ मध्ये घटना निलंबित झाल्याच्या चौकशीसाठी ब्रिटिशांचा रॉबर्टसन आयोग आला. त्याने अहवालात पक्षाची दोन वाट्यांत विभागणी केली, एक कम्युनिस्ट आणि एक समाजवादी, आणि सुचवलं की पक्षावर जगन गटाची पकड आहे तोवर स्वराज्याच्या दिशेने पाऊल पडणार नाही. बर्नहॅम समाजवाद्यांत मोडले जात होते. याहून स्पष्ट निरोप काय असतो? पुढच्याच वर्षी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९५५ रोजी, जॉर्जटाऊनच्या मेट्रोपोल सिनेमागृहात खास अधिवेशन भरलं आणि बर्नहॅम गटाने त्यांना नेता जाहीर केलं. एका नावाचे दोन पक्ष झाले.

आता बघा कोण कुणाबरोबर गेलं. डॉ. लछमनसिंग, म्हणजे एन्मोरच्या संपातले ऊसकामगारांचे पुढारी, ते बर्नहॅमबरोबर. जयनारायण सिंग बर्नहॅमबरोबर. दोघंही भारतीय वंशाचे, दोघंही १९५३ च्या सहा मंत्र्यांतले. उलट सिडनी किंग, आफ्रिकी वंशाचे, तेही मंत्री राहिलेले, ते जगनबरोबर. मार्टिन कार्टरही जगनबरोबर. हा जर वंशाचा वाद होता तर माणसं अशी आडवीतिडवी का गेली?

---

फडकरी

हे मला नवीन आहे. लछमनसिंग संपाचे पुढारी, मग मळ्यावरचा मजूर त्यांच्या मागे का गेला नाही?

---

सुरंगी

फडकरी, तुमच्या प्रश्नातच माझं उत्तर आहे. पुढारी आडवेतिडवे गेले, मतदार गेला नाही. १२ ऑगस्ट १९५७ च्या निवडणुकीत १४ जागांपैकी जगन गटाला ९, बर्नहॅम गटाला ३. त्या तिन्ही जॉर्जटाऊनच्या. मळ्यांनी जगनना घेतलं आणि राजधानीने बर्नहॅमना. दोन वर्षांत एवढं होत असेल तर रेघ आधीपासून होती, पक्षाने ती झाकलेली होती एवढंच.

आणि जगन यांचाही वाटा आहेच त्यात. १९५६ च्या अधिवेशनात त्यांनी पक्षातल्या डाव्या सहकाऱ्यांवर जाहीर टीका केली, अतिडावेपणामुळे नुकसान झालं म्हणून. वेस्ट इंडिज संघराज्यात जावं का, या प्रश्नावरही त्यांनी हात आखडला, कारण बहुसंख्य आफ्रिकी वंशाच्या संघराज्यात आपण बुडून जाऊ ही भीती भारतीय मतदाराला होती. परिणाम? किंग, कार्टर, वेस्टमास बाहेर. तुम्ही ज्यांची नावं पुरावा म्हणून दिलीत ते दोघंही त्यात. सिडनी किंग १९५७ ला अपक्ष उभे राहिले, पीपीपीने त्यांच्यासमोर बलराम सिंग राय यांना उभं केलं आणि किंग पडले. पुढे ते बर्नहॅमच्या पक्षाचे सरचिटणीस झाले. "अपन जात", म्हणजे आपल्याच वंशाला मत द्या, ही हाक मळ्यांवर फिरू लागली ती याच वर्षांत. ती ब्रिटिशांनी शिकवली नव्हती.

---

टाकसाळ

सुरंगी यांचा मुद्दा जड आहे. पण १९५३ चे ५१ टक्के कुठून आले मग? रेघ आधीपासून असती तर जॉर्जटाऊनच्या जागा पीपीपीला मिळाल्याच नसत्या.

---

रानजाई

टाकसाळ, नेमकं हेच. १९५३ मध्ये पीपीपी मळ्यातही जिंकली आणि जॉर्जटाऊनमध्येही. त्या वेळी निवडून आलेल्या तीन बायकाच घ्या : जॅनेट जगन, जेन फिलिप्स-गे आणि जेसी बर्नहॅम, फोर्ब्जची बहीण. गयानाच्या सभागृहात लोकांनी निवडलेल्या पहिल्या स्त्रिया या, तिघी एकाच पक्षाच्या. जॅनेट उपसभापतीही झाली. शिकागोहून आलेली गोरी मुलगी, तिला बर्बीस-एसेक्विबोच्या खेड्यापाड्यांतून लोक घरचं माणूस मानत होते. यातलं काय वंशाच्या रेघेवर बसतं?

फडकरी, लछमनसिंगांबद्दल : १९४८ च्या अंत्ययात्रेत आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत मळ्यांतल्या माणसाच्या मनात चेदी इतके खोल गेले होते की कुठलाही दुसरा पुढारी, अगदी स्वतःच्या युनियनचा, त्यांना तिथून हलवू शकला नसता. मजूर तेव्हा वंश बघत होता असं मला वाटत नाही. त्याने १६ मैल बरोबर चाललेला माणूस बघितला. आणि बर्नहॅम गटाकडे मळ्यात देण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तो शहराकडे वळला. १९५७ च्या निवडणुकीनंतर त्यांनी पक्षाचं नाव पीपल्स नॅशनल काँग्रेस केलं आणि शहरी मध्यमवर्गाच्या युनायटेड डेमोक्रॅटिक पार्टीला पुढे पोटात घेतलं. रेघ तिथे पक्की झाली.

किंग यांच्यासमोर उमेदवार उभा करणं ही जगन यांची मोठी चूक, याबाबत मी तुमच्याबरोबर आहे, सुरंगी. ज्या माणसाने १९५५ मध्ये साथ सोडली नाही त्याला दोनच वर्षांत पाडायचं? त्याचं समर्थन होऊ शकत नाही.

---

घाटवाट

पुढे काय झालं तेही थोडक्यात लिहा ना. जगन परत सत्तेवर आले का?

---

सुरंगी

मी लिहिते. १९६१ ला पीपीपी ४२.६ टक्के मतांवर ३५ पैकी २० जागा, बर्नहॅमना ४१ टक्के मतं पण जागा ११. हा फरक बघूनच पुढे निवडणूक पद्धत बदलण्याची मागणी रेटली गेली. १९६२ ते १९६४ जाळपोळ, संप, दंगली, वंशावरून खून. अमेरिकेने त्यात पैसा आणि माणसं ओतली, हे आता त्यांच्याच कागदपत्रांतून उघड झालंय. १९६४ ला ब्रिटनने प्रमाणशीर मतदान, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, ही पद्धत लादली. पीपीपीला सर्वाधिक, ४५.८ टक्के मतं, तरी ५३ पैकी २४ च जागा, आणि बर्नहॅमनी युनायटेड फोर्स या तिसऱ्या पक्षाशी युती करून सरकार बनवलं. २६ मे १९६६ चं स्वातंत्र्य त्यांच्या हातात आलं. जगन थेट ऑक्टोबर १९९२ मध्ये परतले, तोवर वय ७४. मधल्या निवडणुकांबद्दल बोलायचं तर वेगळा धागा लागेल.

१९५३ चं यश खोटं होतं असं मी म्हणत नाही, रानजाई. ते टिकवण्यासाठी पक्षाच्या आत जे करायला हवं होतं ते १३३ दिवसांत झालं नाही, आणि नंतर कुणी करू दिलं नाही.

---

रानजाई

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. मधल्या निवडणुकांचा धागा तुम्हीच काढा सुरंगी. १९६८ पासून सुरू करा, परदेशातल्या मतदारांच्या बनावट याद्यांपासून.